नॅनो तंत्रज्ञानाचे नियमन आणि धान उत्पादक शेतकरी : २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांची समीक्षा

प्रस्तावना :
साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या पातळीवर पदार्थाची रचना करणारे शास्त्र म्हणजे नॅनो तंत्रज्ञान होय. या आकारात पदार्थाचे गुणधर्म बदलतात. त्यामुळे त्याचे लाभ व धोके नेहमीच्या मोजमापाने ठरविता येत नाहीत. गोंडपिपरीसारख्या धान-कापसाच्या वनतालुक्यात शेतकऱ्याचा या तंत्रज्ञानाशी संबंध येतो तो खताच्या बाटलीतून. म्हणून प्रस्तुत लेखात कृषिक्षेत्रातील नियमनाचा विचार केला आहे.

नियमनाचे स्वरूप :
केंद्रीय जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये नॅनो-आधारित कृषी निविष्ठा व अन्नपदार्थांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. सुरक्षितता व परिणामकारकता यांची तपासणी अपेक्षिणारा हा दस्तऐवज स्वागतार्ह आहे. परंतु तो कायदा नव्हे. प्रत्यक्ष अंमल जुन्याच कायद्यांतून होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये इफ्कोचा नॅनो युरिया १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाखाली अधिसूचित झाला.

दावा आणि पडताळणी :
अर्ध्या लिटरची एक बाटली युरियाच्या एका पिशवीची जागा घेईल, असा दावा होता. ४ टक्के नत्र असलेल्या त्या बाटलीत सुमारे २० ग्रॅम नत्र होते. ४५ किलोच्या पिशवीत ते २० किलोंहून अधिक असते. पुढे २०२४ मध्ये बाटलीतील नत्राचे प्रमाण वाढविण्यात आले, तरी ही तफावत मिटत नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात शिफारशीत नत्रमात्रेच्या तुलनेत गव्हाचे उत्पादन २१.६ टक्के, तर भाताचे १३ टक्के घटले. अशी स्वतंत्र पडताळणी विक्रीपूर्वी व्हावयास हवी होती.

धोक्याची वाटणी :
नॅनो युरिया विषारी आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. प्रश्न अज्ञाताचा आहे. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २००४ मध्येच, पुरेसे ज्ञान होईपर्यंत मुक्त नॅनोकण शक्यतो पर्यावरणात सोडू नयेत, असे सुचविले होते. आपल्याकडे फवारणी करणारा मजूर बहुधा मुखपट्टीविनाच शेतात उतरतो आणि बांध्यांतील पाणी बोडी-तलावांत जाते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक जणांचा बळी गेला. ती रसायने नॅनो नव्हती, नोंदणीकृत मात्र होती. कागदावरील नियम आणि बांधावरील वास्तव यांतील अंतर त्या घटनेने दाखवून दिले.

त्यात सक्तीची भर पडली. अनुदानित खतासोबत नॅनो खत घेण्यास भाग पाडणारे ‘लिंकिंग’ थांबवा, असे केंद्रीय कृषिमंत्र्यांना जुलै २०२५ मध्ये राज्यांना कळवावे लागले. निवडीचे स्वातंत्र्यच नसेल, तर जोखीम शेतकऱ्याने स्वीकारली असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष :
मार्गदर्शक तत्त्वांना वैधानिक बळ मिळावे. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी स्थानिक धान वाणांवर स्वतंत्र चाचण्या व्हाव्यात, त्यांचे निष्कर्ष मराठीत प्रसिद्ध व्हावेत आणि विक्रीनंतरही मजूर, माती व पाणी यांवर देखरेख असावी. जोखीम ज्याच्या अंगावर येते, त्याला माहिती आणि नकाराचा अधिकार न देणारे नियमन अपूर्णच म्हटले पाहिजे.