नॉइज सारखा आहे, एवढंच म्हणा

पेपर कसा लिहायचा हे शिकवणारे खूप भेटतात. दुसऱ्याच्या पेपरमधली चूक कशी सांगायची, हे फारसं कोणी शिकवत नाही. त्यासाठी एक छोटं टिपण वाचूया.

जुलै २०१८ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या देव कुमार थापा आणि अंशु पांडे यांनी अर्काइव्हवर प्रीप्रिंट टाकला. सोन्या-चांदीच्या नॅनोरचनांमध्ये नेहमीच्या हवेच्या दाबाला आणि २३६ केल्विनला (सुमारे उणे ३७ अंश सेल्सिअस) सुपरकंडक्टिव्हिटी मिळाल्याचा दावा होता. पुढच्याच महिन्यात एमआयटीतल्या ब्रायन स्किनर यांनी त्यावर टिपण लिहिलं. वेगवेगळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या दोन मोजमापांतला नॉइज त्यांना हुबेहूब सारखा दिसला, फक्त ठरावीक अंतराने सरकलेला. नॉइज म्हणजे स्वैर चढउतार. ते दोनदा तसेच्या तसे येणं अपेक्षितच नसतं.

आता टिपणाचा सूर बघा. शीर्षकात प्रीप्रिंटचा क्रमांक आणि नाव आहे, लेखकांचं नाही. कुठल्या आलेखातले कुठले बिंदू हे नेमकं सांगितलंय, त्यामुळे कुणीही ताडून पाहू शकतो. हेतूबद्दल निवाडा नाही. ‘नॉइज सारखा आहे’ आणि ‘डेटा बनवलाय’ ही दोन वेगळी विधानं आहेत. समोरच्या आलेखातून पहिलंच सिद्ध होत होतं, आणि टिपण तिथेच थांबतं.

आमच्या जर्नल क्लबमध्ये मी एकदा थेट दुसरं विधान ठोकून दिलं होतं. नंतर कळलं, अक्ष लॉगॅरिदमिक होता आणि मीच तो नीट पाहिला नव्हता. लेखक समोर नव्हते, म्हणून वाचलो!

एक उणीव मात्र वाटते. इतकं कोरडं लिहिलं की गाळलेल्या जागा वाचणारा आपल्या मनाने भरतो. इथेही चर्चा लगेच हेतूकडे वळली. ‘कोणता कच्चा डेटा दाखवला तर शंका मिटेल’ हे एक वाक्य ठळकपणे आलं असतं, तर बरं झालं असतं. मे २०१९ मध्ये लेखकांनी जास्त मोजमापांसह सुधारित प्रीप्रिंट टाकला. प्रश्न डेटावर असला, तर उत्तरही डेटानेच देता येतं. माणसावर असला, तर समोरच्याकडे फक्त स्वतःचा बचाव उरतो.

तेव्हा पुढच्या वेळी चूक सापडली, की आधी स्वतःचं वाचन तपासा. किरकोळ असेल तर लेखकांना साधी मेल करा. निष्कर्षच बदलत असेल तर जाहीर लिहा, पण दिसलं तेवढंच.