उतारशाळेपर्यंतची वाट

लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या इतका परिचयाचा आहे की, तो आपण आता फारसा वाचीत नाही. केवळ त्याचा अर्थ सांगतो. प्रस्तुत टिपणाचा रोख या सवयीवर आहे.

संत ऑगस्टीन यांनी या कथेचे रूपक केले : शोमरोनी म्हणजे ख्रिस्त, उतारशाळेचा रखवालदार म्हणजे पौल, दोन दीनार म्हणजे प्रीतीच्या दोन आज्ञा. या अर्थाला मुळात आधार नाही असे नव्हे. शोमरोन्याच्या दयेसाठी लूक जे ग्रीक क्रियापद योजतो, त्याचे मूळ ‘आतडी’ या अर्थाच्या शब्दात आहे. मराठीत आपण ‘आतडे तुटले’ म्हणतो तसेच. हे क्रियापद लूक अन्यत्र दोनदाच वापरतो : नाईनच्या विधवेला पाहणाऱ्या प्रभूविषयी आणि उधळ्या पुत्राच्या पित्याविषयी. मात्र केवळ रूपकच सांगितले, तर जखमी मनुष्य वाटेवरच राहतो आणि श्रोत्याला करण्याजोगे काही उरत नाही.

मूळ कथेत शोमरोनी जवळ जातो, तेल व द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, दुसऱ्या दिवशी दोन दीनार देतो आणि अधिक लागलेला खर्च परतताना भागविण्याचे कबूल करतो. मत्तयाच्या विसाव्या अध्यायावरून पाहता दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. येथे चमत्कार नाही, मोठे दानही नाही. हाताशी असलेले सामान, दोन दिवसांची मजुरी आणि खोळंबलेला प्रवास, एवढेच आहे.

दुसरी पळवाट याजक व लेवी यांच्यासंबंधीची. प्रेताच्या विटाळाच्या भयाने ते बाजूने गेले, असे सांगून आपण दोष यहुदी धर्मशास्त्रावर ढकलतो. लूकने मात्र कारण दिलेलेच नाही. याजक सेवेसाठी यरुशलेमेस चढत नव्हता, तर यरीहोच्या वाटेने खाली उतरत होता. शिवाय बेवारस प्रेतासाठी प्रमुख याजकानेही विटाळ पत्करावा, असे मिश्नेचे म्हणणे आहे. लूकने सोडलेल्या त्या रिकाम्या जागेत ज्याने त्याने आपली सबब ओळखावी. आपण धर्मगुरू व धर्मशिक्षक तर त्या दोघांच्याच वर्गातले.

शास्त्र्याने शेजाऱ्याची व्याख्या मागितली. प्रभूने त्याला शेजारी होण्याचे काम दिले. म्हणून धर्मशिक्षणाच्या वर्गात रूपकाआधी ही क्रियापदे मुलांकडून म्हणवून घ्यावीत. आणि गावातील आजाऱ्याच्या घरी या आठवड्यात पाणी कोण भरील, दवाखान्यात सोबतीला कोण जाईल, हे त्याच बैठकीत ठरवावे.