रंगीत कुंपण

चिलीतल्या वालपाराइसोच्या सेरो अलेग्रे आणि सेरो कोन्सेप्सियोन या टेकड्यांवर अलीकडे जे रंगवलं जातंय, ते पाहून चक्क राग येतो. पंख पसरलेला हमिंगबर्ड, डोळे मिटलेली स्त्री, तिच्या केसांत फुलं, आणि खाली उभं राहून फोटो काढण्यापुरती सोडलेली जागा. हे चित्र लिस्बनला न्या, वांद्र्याला आणा, काहीही बिघडत नाही. हात कसबी आहेत, रंग भारी आहेत. पण उतारावर लटकलेल्या, पन्हाळी पत्र्यांनी मढवलेल्या या बंदराशी त्यांचं देणंघेणं नाही.

भिंत रंगवायची वेगळी रीत याच देशाने घडवली होती. १९६८ साली कम्युनिस्ट तरुणांनी ब्रिगादा रामोना पारा उभी केली. १९४६ मध्ये सांतियागोत पोलिसांच्या गोळीने मारल्या गेलेल्या कार्यकर्तीचं नाव तिला दिलं. १९६९ मध्ये व्हिएतनामसाठी वालपाराइसोहून सांतियागोला पायी मोर्चा निघाला, तेव्हा ही पोरं वाटेतल्या भिंती घोषणांनी भरत गेली. एकाने अक्षरं आखायची, दुसऱ्याने पार्श्वभूमी भरायची, तिसऱ्याने अक्षरांत रंग, शेवटी जाड काळी किनार, आणि पोलीस यायच्या आत पसार! ती किनार नीट पाहा. घाईत एकमेकांत घुसलेले रंग ती सावरून घेते, आकार लांबून वाचता येतो. शैली अशी गरजेतून येते. पुढे अक्षरांशेजारी मुठी, कबुतरं, कणसं आली. १९७१ मध्ये रोबेर्तो मात्तासारखा जगभर नाव झालेला चित्रकार सांतियागोच्या ला ग्रांखा भागात या मुलांबरोबर भिंतीपाशी उभा राहिला. लष्करी सत्तापालटानंतर ती भिंत रंगाच्या थरांखाली गाडली गेली. कित्येक वर्षांनी थर खरवडून चित्र बाहेर काढावं लागलं. पुसण्यासाठी एवढे कष्ट घ्यावेत, असं हमिंगबर्डात काय आहे?

वालपाराइसोच्याच बेयाविस्ता टेकडीवरचं १९९२ चं खुलं संग्रहालय म्हणजे थोरामोठ्यांची चित्रं भिंतीएवढी वाढवलेली. नमस्कार करून पुढे जावं. १९८२ साली याच गावात जन्मलेला भित्तिचित्रकार इंती तेवढा वेगळा: त्याच्या बाहुल्यांसारख्या आकृती पॅरिसच्या इमारतीवरही अँडीजच्या जत्रेतले कपडे उतरवत नाहीत.

बाकी मामला कुंपणाचा आहे. सही खरडणारी पोरं सहसा भित्तिचित्राला हात लावत नाहीत, म्हणून घरमालक चित्र काढून घेतो. २००३ मध्ये युनेस्कोची मोहोर उमटली, तेव्हापासून या कुंपणाला वारशाचं वजनही आलं. खरडणारे तेवढे गुंड ठरले. त्यांच्या सह्या मलाही कुरूप वाटतात. पण ऑक्टोबर २०१९ च्या उठावात खालच्या शहराच्या भिंती ज्या घोषणांनी भरल्या, त्याच ब्रिगेडच्या खऱ्या वारस होत्या, आणि त्यांच्यावर चुना फासा म्हणणाऱ्यांना मात्र फुलं माळलेली बाई कला वाटते. पर्यटकांमुळे चित्रकाराची चूल पेटते म्हणतात. पेटू दे, पण मग त्याला जाहिरात म्हणा. साबणाची जाहिरातही कसबी हात रंगवतात. आणि ‘लोकांची कला’ हे बिरुद आधी उतरवा. एप्रिल २०१४ च्या वणव्यात वरच्या टेकड्यांवर पंधरा माणसं गेली, अडीच हजारांहून जास्त घरं जळाली. लोक तिथेही राहतात. पर्यटकांच्या फेऱ्या मात्र तिथवर क्वचितच चढतात, आणि हॉस्टेलवाल्याला तिथे भिंत विकत घ्यायचं काही कारण नाही.