पंढरपूरची उपचारपूजा आणि सान्निध्याची प्रतीती

मूर्तीच्या ठायी देवाचे सान्निध्य कसे प्रतीत होते, या प्रश्नाचे उत्तर आपले अभ्यासक बहुधा प्राणप्रतिष्ठेच्या विधीत शोधतात. पंढरपूरच्या विठ्ठलापुरते तरी हे उत्तर अपुरे आहे. तेथील पूजेत मंत्रापेक्षा शुश्रूषेचाच भाग अधिक ठसतो. काकडआरतीने देवास जागे करावे, स्नान घालावे, नैवेद्य दाखवावा, शेजारतीने निजवावे, हा नित्यक्रम. आषाढी-कार्तिकीस मात्र देवाचा पलंग काढून ठेवतात. दर्शन अहोरात्र चालते, आणि उभ्या देवाच्या पाठीशी टेकावयास लोड देतात. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. ऊन पाण्याने स्नान घालतात, शिणवटा जावा म्हणून रात्री काढा देतात. जो थकतो तो तेथे आहेच. निराळे प्रमाण भाविकास लागत नाही.

तथापि एक अडचण राहते. सान्निध्य शुश्रूषेतूनच जाणवत असेल, तर ज्या चोखोबांना देवळाबाहेर ठेवले त्यांची प्रतीती कोठून आली? त्यांना मूर्तीची गरजच नव्हती, हे नेहमीचे समाधान मला सोयीचे पण खोटे वाटते. गरज नसती, तर त्यांच्या अभंगांत ती दाराबाहेरची वेदना कशाला असती? तेव्हा शुश्रूषेइतकाच विरहही या प्रतीतीचा घटक मानावा लागतो. मात्र त्यामुळे बंद दाराचे समर्थन होत नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, ते दार उघडावे म्हणूनच. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ, बाहेरच आहे.