करपत्रकें व स्थानिक सांपत्तिक स्थिति

श्री. अभिजित बॅनर्जी व श्री. थॉमस पिकेटी यांचा भारतांतील सर्वोच्च उत्पन्नांविषयींचा निबंध जागतिक बँकेच्या अर्थशास्त्रविषयक नियतकालिकांत इ. स. २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. निबंधाचा काल १९२२ ते २००० असून, त्याचें मुख्य साधन प्राप्तिकर खात्यानें छापलेलीं वार्षिक कोष्टकें हें आहे. दप्तरें चाळणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. करपत्रकावरून ऐपत ताडणें हा आपलाच जुना उद्योग होय.

निबंधाचा निष्कर्ष असा कीं, एकूण उत्पन्नांतील शेंकडा एक अतिश्रीमंतांचा वांटा १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धापर्यंत पुष्कळ घटला, व पुढें पुनः वाढून १९२० व १९३० च्या दशकांतील पातळीच्या जवळ आला. लेखकांचा संयम प्रशंसनीय आहे. करदाते थोडे, म्हणून त्यांनीं शिखरापुरतेंच विधान केलें. पायथ्याविषयीं हीं कोष्टकें मुकीं आहेत हें ते ओळखून आहेत.

परंतु अशाच आंकड्यांवरून अमुक प्रांत सधन व तमुक निर्धन असें ठरविणाऱ्यांस हा संयम राहत नाहीं. त्यांच्या पद्धतीवर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला स्थळाविषयीं. २०१६ मध्यें सरकारनें प्रत्यक्ष कराचे राज्यवार आंकडे प्रसिद्ध केले. त्यांत महाराष्ट्राचा वांटा एकतृतीयांशाहून अधिक दिसतो. तथापि त्यांत कंपन्यांचा करहि आहे, आणि अनेक मोठ्या कंपन्यांची मुख्य कचेरी मुंबईंत असल्यामुळें परप्रांतांतील कारखान्याच्या नफ्यावरील करहि येथेंच जमा होतो. नाक्यावरील जकातीवरून नाक्याच्या गांवची श्रीमंती कोणी मोजील काय?

दुसरा आक्षेप वगळलेल्या उत्पन्नाविषयीं. १८६० च्या पहिल्या प्राप्तिकरांत शेतीचें उत्पन्न धरलेलें होतें. १८८६ च्या कायद्यानें तें वगळलें, आणि १९२२ व १९६१ च्या कायद्यांनीं ती सूट पुढें चालविली. परिणामीं बागायती तालुक्यांतील शिक्षक व कारकून कोष्टकांत दिसतात, आणि ऊंसाचा मोठा बागायतदार दिसत नाहीं. अशा आंकड्यांवरून कोणास साहाय्य द्यावें व कोणाकडून मागावें हें ठरूं लागल्यास अन्याय झाल्याविना राहणार नाहीं.

आमचे जुने कुलकर्णी या बाबतींत अधिक चोख होते. गांवझाड्यांत एकूण जमीन लिहून तींतून इनाम जमीन 'वजा' दाखवीत, आणि मग रयतेकडील बाकी मांडीत. सूट कोणास व किती, हें कागदच सांगतो. अर्थात् त्या कागदांसहि मर्यादा आहेत. मोहतर्फ्याच्या यादींत माग व घाणे मोजलेले सांपडतात. मागावर बसणाऱ्याची मिळकत सांपडत नाहीं.

प्राप्तिकराच्या कोष्टकांची प्रसिद्धि २००० च्या सुमारास थांबली, ती २०१६ मध्यें पुनः सुरू झाली. मालिकेंतील अशा खंडाचें दुःख संग्राहकांस निराळें सांगावयास नको. आमची सूचना इतकीच कीं, जमाबंदीचे कागद छापतांना केवळ जमेची बेरीज न देतां वजेचीं कलमेंहि समग्र द्यावींत. राज्यानें कोणाकडून घेतलें नाहीं हें कळल्याविना, कोणापाशीं किती होतें हें कळणार नाहीं.