'हूप ड्रीम्स' : होतकरू बास्केटबॉलपटूच्या गुणवत्ता-मूल्यमापनाची चिकित्सा

प्रस्तावना :

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉल हा केवळ क्रीडाप्रकार नाही. विद्यापीठांची प्रतिष्ठा, दूरचित्रवाणीचे उत्पन्न आणि शिष्यवृत्तीच्या आधारे उच्च शिक्षण घेऊ पाहणाऱ्या मुलांचे भवितव्य या तिन्ही गोष्टी त्यात गुंतलेल्या आहेत. साहजिकच शालेय वयातील खेळाडूची पारख करून त्याला महाविद्यालयासाठी निवडण्याची एक स्वतंत्र व्यवस्था तेथे उभी राहिली आहे. स्टीव्ह जेम्स दिग्दर्शित 'हूप ड्रीम्स' (१९९४) हा माहितीपट या व्यवस्थेचे अत्यंत सविस्तर चित्रण करतो. फ्रेडरिक मार्क्स व पीटर गिल्बर्ट हे त्याच्या निर्मितीतील जेम्स यांचे सहकारी होत. दूरचित्रवाणीसाठी अर्ध्या तासाचा लघुपट करावा, एवढाच मूळ संकल्प होता. प्रत्यक्षात चित्रीकरण सुमारे पाच वर्षे चालले आणि जवळजवळ तीन तासांचा माहितीपट सिद्ध झाला. १९९४ च्या सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. ऑस्करच्या माहितीपट विभागात मात्र त्याला नामांकन मिळाले नाही. त्यावरून मोठा वाद झाला. २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदसूचीत त्याचा समावेश करण्यात आला.

या माहितीपटाची चर्चा बहुधा वंश, दारिद्र्य व अमेरिकन स्वप्न या अंगांनी झाली आहे. प्रस्तुत लेखात त्याच्याकडे मूल्यमापनाच्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहिले आहे. चौदा वर्षांच्या मुलातील कौशल्य आणि त्याची भावी क्षमता कोण, कशाच्या आधारे ठरवतो आणि त्या निर्णयाची किंमत कोण चुकवतो, हा येथील विवेचनाचा विषय आहे.

कौशल्य आणि क्षमता :

खेळाडूच्या मूल्यमापनात दोन भिन्न गोष्टींची सरमिसळ होते. चेंडूवरील ताबा, नेमकेपणा, सहकाऱ्याला योग्य वेळी पास देण्याची समज, बचावातील चपळाई ही कौशल्ये आज दिसतात आणि त्यामुळे काही प्रमाणात मोजताही येतात. क्षमता मात्र दिसत नाही, तिचे अनुमान करावे लागते. मुलाची उंची किती वाढेल, शरीर किती ताण सोसेल, पराभवानंतर त्याचे मन कसे राहील, याविषयी परीक्षक भाकीत करत असतो. कौशल्याचा निर्णय हा निरीक्षणाचा भाग आहे, तर क्षमतेचा निर्णय हा एका अर्थाने पैज आहे. 'हूप ड्रीम्स'चे सामर्थ्य असे की, ही पैज लावली जाते त्या क्षणी कॅमेरा तेथे उपस्थित आहे आणि तिचा निकाल लागेपर्यंत तो तेथून हलत नाही.

विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही शिकागोच्या गरीब वस्त्यांतील दोन कृष्णवर्णीय मुले. विल्यम कॅब्रिनी-ग्रीन या सार्वजनिक गृहवसाहतीत राहणारा, तर आर्थर वेस्ट गारफिल्ड पार्क भागातला. आर्थरचा खेळ मोहल्ल्यातील मैदानावर पाहून एक हौशी शोधक त्याला वेस्टचेस्टर उपनगरातील सेंट जोसेफ या खाजगी कॅथलिक शाळेत नेतो. विल्यमही याच शाळेत दाखल होतो. दोघांनाही रोज दीड-दीड तासाचा प्रवास करून शाळा गाठावी लागते. प्रशिक्षक जीन पिंगाटोर यांच्या या शाळेचा सर्वांत नामवंत माजी विद्यार्थी म्हणजे आयझेया थॉमस. १९८१ मध्ये इंडियाना विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा आणि पुढे १९८९ व १९९० मध्ये डेट्रॉइट पिस्टन्ससाठी तीच कामगिरी करणारा हा खेळाडू शाळेच्या दृष्टीने मापदंडच होता. नव्या मुलाची पारख 'हा दुसरा आयझेया होईल काय?' या प्रश्नाने सुरू होते. मूल्यमापनातील पहिला दोष येथेच आढळतो. मुलाला त्याच्या स्वतःच्या गुणांवरून न पाहता पूर्वीच्या यशाच्या साच्यात बसवून पाहिले जाते.

मूल्यमापन आणि गुंतवणूक :

पहिल्याच वर्षी विल्यम शाळेच्या मुख्य संघात खेळू लागतो, तर आर्थर नवागतांच्या संघात राहतो. उंची केव्हा वाढणार, अशी विचारणा होत असल्याचे आर्थर सांगतो. दोघांचीही वाचनक्षमता इयत्तेच्या मानाने बरीच मागे असते आणि दोघांच्याही कुटुंबांना शुल्क झेपणारे नसते. परंतु विल्यमसाठी एक सधन पुरस्कर्ती पुढे येते आणि त्याचा शुल्काचा प्रश्न सुटतो. आर्थरच्या वाट्याला अपुरे साहाय्य येते. वडिलांची मिळकत खंडित होताच थकबाकी वाढते आणि दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच त्याला शाळा सोडावी लागते. तो वस्तीजवळच्या मार्शल या सार्वजनिक शाळेत जातो. पुढे जुन्या शाळेची थकबाकी चुकती करण्याची व्यवस्था होईपर्यंत त्याची गुणपत्रकेही अडकून पडतात.

माहितीपट हे प्रसंग भाष्य न करता एकापुढे एक ठेवतो. त्या मांडणीतून निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. क्षमता ओळखली जाते आणि मग तिच्यावर खर्च केला जातो, अशी सर्वसाधारण समजूत असते. येथे दिसणारा क्रम बराचसा उलटा आहे. ज्याच्यावर खर्च झाला, त्याच्याच ठिकाणी 'क्षमता' दिसत राहिली. विल्यमच्या वाचनात झालेली सुधारणा ही शिकवणी, वेळ आणि आर्थिक स्थैर्य यांचे फळ होते. आर्थरला ते मिळाले असते तर काय झाले असते, हे सांगता येत नाही. म्हणूनच त्याच्याविषयीचा निर्णय योग्य होता असे म्हणण्यासही आधार उरत नाही.

बाजार, गुडघा आणि गुण :

१९९० च्या उन्हाळ्यात प्रिन्स्टन येथे भरलेल्या नायके कंपनीच्या शिबिराचा भाग या माहितीपटातील सर्वांत बोलका भाग आहे. देशभरातील निवडक मुले मैदानावर खेळत आहेत आणि कडेला नामांकित महाविद्यालयीन प्रशिक्षक व शोधक टिपणे घेत बसले आहेत. एक शोधक या साऱ्याला मांसबाजाराची उपमा स्वतःच देतो. स्पाइक ली हा दिग्दर्शक मुलांना स्पष्ट बजावतो की, तुमच्या विजयातून पैसा मिळतो म्हणूनच तुम्ही येथे आहात. मूल्यमापन करणाऱ्यांना आपल्या व्यवहाराचे स्वरूप अज्ञात नाही, हे यावरून स्पष्ट होते.

याच सुमारास विल्यमच्या गुडघ्याची दुखापत निर्णायक ठरते. दोन शस्त्रक्रियांनंतर त्याच्या खेळातील निःशंकपणा ओसरतो. बचावपटूला चकवून बास्केटकडे धाव घेणाऱ्या खेळाडूची पहिली झेप गुडघ्यावर अवलंबून असते आणि त्या झेपेत मनाची शंका शिरली की कौशल्य शाबूत असूनही परिणाम बदलतो. तरीही मार्केट विद्यापीठ त्याला शिष्यवृत्ती देऊ करते. मात्र एसीटी या प्रवेशपात्रता परीक्षेत १८ गुण आवश्यक असतात. अनेक प्रयत्नांनंतर त्याला १७.५ गुण मिळतात आणि अपूर्णांकाच्या नियमाने ते १८ धरले जातात. अर्ध्या गुणावर एका मुलाचे उच्च शिक्षण तोलले गेल्याचे हे दृश्य कोणत्याही अध्यापकाला अस्वस्थ करणारे आहे.

दुसरीकडे, नाकारला गेलेला आर्थर १९९१ मध्ये मार्शल शाळेच्या संघाला शहराचे विजेतेपद आणि राज्यस्पर्धेत तिसरे स्थान मिळवून देण्यात प्रमुख वाटा उचलतो. सेंट जोसेफला त्या वर्षी राज्यस्पर्धेच्या अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचता येत नाही. परंतु परीक्षेतील गुण अपुरे पडल्याने त्याला मिसूरीतील एका द्विवार्षिक महाविद्यालयाचा मार्ग धरावा लागतो. तेथून तो पुढे आर्कान्सा स्टेट विद्यापीठात जातो. दोघांपैकी कोणीही एनबीएमध्ये खेळला नाही.

माहितीपटाच्या मर्यादा :

या कलाकृतीचे गुण मान्य करूनही काही आक्षेप नोंदवणे आवश्यक आहे. पहिला असा की, ज्या निवडप्रक्रियेची चिकित्सा केली जाते, तिच्याच निवडीवर माहितीपटाने आपली पात्रे निवडली आहेत. शोधकांच्या नजरेतून सुटलेली मुले येथेही दिसत नाहीत. दुसरा आक्षेप रचनेविषयीचा आहे. अटीतटीच्या सामन्यांचे संकलन इतके परिणामकारक आहे की, प्रेक्षकही त्याच स्पर्धेत ओढला जातो आणि चेंडू जाळीत जावा एवढेच इच्छू लागतो. बेल हुक्स या समीक्षिकेने या माहितीपटावर घेतलेल्या आक्षेपांत स्पर्धेच्या मूल्याविषयीची हीच अस्वस्थता आढळते.

तथापि हा आक्षेप पूर्णतः स्वीकारता येत नाही. आर्थरची आई परिचर्या-साहाय्यकाच्या अभ्यासक्रमात सर्वाधिक गुण मिळवून उत्तीर्ण होते, तो प्रसंग मैदानाबाहेरचा आहे. तेथे शोधक नाही, शिबिर नाही आणि टाळ्या वाजवणारेही मोजकेच आहेत. कोणीही भाकीत न केलेली ही क्षमता माहितीपटाने टिपली आणि तिला मध्यवर्ती स्थान दिले. विल्यमचा थोरला भाऊ कर्टिस हा एकेकाळचा गुणी खेळाडू आपले अपुरे स्वप्न धाकट्यावर लादतो, हेही तितक्याच संयमाने दाखवले आहे.

आजचा संदर्भ :

त्यानंतरच्या काळात नियम बदलले आहेत. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर उत्पन्न मिळवण्याची मुभा आहे. २०२३ मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने प्रारंभिक पात्रतेसाठी प्रमाणित परीक्षेच्या गुणांची अट काढून टाकली. २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदला देऊ लागली. व्यवहार उघड झाला, हे स्वागतार्हच आहे. परंतु भाकिताची अनिश्चितता त्याने कमी होत नाही. मोठ्या विद्यापीठांनी फारसे विचारात न घेतलेला स्टीफन करी डेव्हिडसन या छोट्या महाविद्यालयातून २००९ मध्ये एनबीएत गेला आणि पुढे खेळाची शैलीच बदलून टाकली, हे उदाहरण सर्वश्रुत आहे.

निष्कर्ष :

१. खेळाडूचे कौशल्य निरीक्षणाने ठरवता येते. क्षमतेविषयीचा निर्णय मात्र भाकीतच असतो आणि तो भाकीत म्हणूनच नोंदवला जावा.

२. क्षमता ही केवळ अंगभूत नसते. तिला मिळणारे आर्थिक व शैक्षणिक साहाय्य हा तिचाच घटक असतो. म्हणून असमान साहाय्य मिळालेल्या दोन मुलांची तुलना न्याय्य ठरत नाही.

३. चुकीच्या निर्णयाची किंमत परीक्षकाला क्वचितच मोजावी लागते. ती मुलाला व त्याच्या कुटुंबाला मोजावी लागते.

४. निवड करणाऱ्या संस्थेची जबाबदारी निवडीपाशी संपत नाही. मैदानावरचा उपयोग संपल्यावरही मुलाच्या शिक्षणाची हमी टिकते काय, हा त्या संस्थेच्या मूल्यमापनाचा निकष असला पाहिजे.

विल्यम गेट्स पुढे बास्केटबॉलपासून दूर गेला, परंतु त्याने पदवी पूर्ण केली आणि तो धर्मोपदेशक झाला. प्रिन्स्टनच्या मैदानाकडेला बसून घेतलेल्या टिपणांत या गोष्टीसाठी रकाना नव्हता. मूल्यमापनाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने 'हूप ड्रीम्स' पाहावा, तो एवढ्यासाठी.