काळाचा मुलामा

चित्रकलेचा एक नवाच प्रकार गेल्या काही वर्षांत घरोघर शिरला आहे. त्याला कुंचला लागत नाही, रंग लागत नाहीत, समोर कोणी बसावेही लागत नाही. यंत्रापुढे चार वाक्ये लिहावयाची आणि क्षणभर थांबावयाचे, की चित्र तयार! या चार वाक्यांना ‘प्रॉम्प्ट’ असे म्हणतात. लोकांनी या यंत्राकडे मागावे काय? भविष्यकाळाचे नगर, मंगळावरील वस्ती असे काहीतरी ते मागतील असे वाटले होते. पण पुष्कळांनी मागितला तो भूतकाळ! २०२५ च्या सप्टेंबरात गूगलच्या ‘जेमिनी’ने आपल्या देशात जी धमाल उडविली ती आठवावी. लेकीसुनांनी आपले आजचे छायाचित्र यंत्राला द्यावे, जुन्या हिंदी चित्रपटातील नायिकेसारखी शिफॉनची साडी, केसांत फूल, तिरपे सोनेरी ऊन आणि छायाचित्रावर जुनेपणाची रवाळ छटा मागावी, आणि आपलेच रूप तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे होऊन परत यावे! दिवाळीच्या फराळाबरोबर ही चित्रे हातोहात फिरली. या प्रकाराला ‘रेट्रो’ हे नाव आहे.

ज्या चित्रांनी इतक्या घरांत कौतुक मिळविले त्यांची समीक्षा करावयाची नाही तर कशाची करावयाची? ‘गंमत आहे, सोडून द्या’ असे म्हणणारे म्हणोत. गंमतीलाही गुणदोष असतातच.

प्रथम हे यंत्र करते काय, ते थोडक्यात पाहू. जगभरच्या संकेतस्थळांवरील चित्रे आणि त्यांच्याजवळ लिहिलेले शब्द यांच्या जोड्या त्याला अभ्यासाला दिलेल्या असतात. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लायन’ नावाच्या अशा एका संग्रहात सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या! या जातीच्या पुष्कळ यंत्रांना शिकविण्याची रीत मोठी गमतीची. चांगल्या चित्रावर मुद्दाम ठिपक्यांचा कचरा पसरावयाचा आणि तो निपटून मूळ चित्र कसे असेल ते यंत्राने ओळखावयाचे. असा सराव अफाट झाला, की निव्वळ कचऱ्यातूनच, आपण दिलेल्या शब्दांच्या अनुरोधाने, पूर्वी कधी नसलेले चित्र ते उपसून काढते. म्हणजे ‘जुने’ या शब्दाचा अर्थ यंत्र इतिहासाकडून शिकलेले नाही. ज्या चित्रांखाली कोणीतरी ‘जुने’ असे लिहून ठेवले, त्यांच्याकडून शिकलेले आहे. हा भेद बारीक वाटेल, पण या कलेचे सारे बरेवाईट त्यात आहे.

आता जुन्या चित्रांना जुनेपण येते कशाने? तपकिरी छायाचित्राचेच पाहा. कागदावरील चांदीवर रासायनिक क्रिया करून तिचे गंधकाशी संयुग करीत, त्याने तो तपकिरी रंग येई. आणि असे छायाचित्र साध्या काळ्या-पांढऱ्यापेक्षा अधिक टिके. तो रंग म्हातारपणाचा नव्हता. दीर्घायुष्यासाठी दिलेले ते औषध होते! १९७० च्या सुमाराचे रंगीत फोटो आज तांबूस दिसतात ते निराळ्या कारणाने. अल्बममध्ये मिटून ठेवले तरी त्यांतील निळसर रंगद्रव्य इतरांच्या आधी उडून जाते, आणि मागे राहते ती लाली. एकात टिकण्याची धडपड, दुसऱ्यात न टिकल्याची खूण. यंत्र दोन्हींना एकाच डबीत घालते आणि ‘जुना रंग’ म्हणून वर शिंपडते.

हीच गोष्ट छापील चित्रांची. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. तेथे शिळाछापावर चित्रे निघत; प्रत्येक रंगासाठी दगड वेगळा, आणि प्रत्येक दगड कागदावर नेमक्या जागी बसला पाहिजे. आपल्या आजोळच्या देवघरातील लक्ष्मीच्या कडेला रंग किंचित सरकलेला दिसतो, तो असा एखादा दगड केसभर चुकल्यामुळे. ती चूक कोणीतरी केलेली आहे. यंत्राच्या चित्रात रंग सरकलेला दिसतो, तेव्हा तेथे दगडही नसतो आणि तो उचलणारे हातही नसतात.

आणि आपले दिवाळी अंक! दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगांवकर, दोघेही गोमंतकातले, दोघांचा काळ जवळजवळ एकच, दोघांनीही महाराष्ट्राची मुखपृष्ठे सजविली. दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला. पण दलालांची ठाशीव, डौलदार रेषा आणि मुळगांवकरांच्या देवदेवतांच्या व सुंदरींच्या अंगावरची ती मऊ, तुकतुकीत कांती यांत गल्लत करील असा रसिक त्या वेळी मिळाला नसता. घराघरांत दोन पक्ष होते म्हटले तरी चालेल. यंत्राला ‘जुन्या मराठी मासिकाचे मुखपृष्ठ’ असे सांगितले की ते दोघांनाही कालवून एक गोड सरबत करून देते. सरबत वाईट नसते. पण ज्या वादामुळे तो काळ जिवंत होता तो वादच त्यात विरघळून गेलेला असतो. सरासरी काढणे हा या यंत्राचा धर्म आहे, आणि कोणताही काळ त्या काळात जगणाऱ्यांना कधीच सरासरीसारखा वाटत नाही.

समीक्षकाने ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, म्हणून मी स्वतः काही प्रयोग केले. प्रथम इतकेच लिहिले: ‘१९५५ सालच्या पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबाचे छायाचित्र.’ उत्तम चित्र आले. सगळे तपकिरी, सगळे सुखी, आणि आजीपासून नातवापर्यंत सारे दात दाखवून हसणारे! नऊवारी नेसलेल्या आजीबाई लावणीच्या फडावरून थेट आल्यासारख्या दिसत होत्या. त्यांचा दोष नाही. संकेतस्थळांवर ‘नऊवारी’ या शब्दापाशी अशीच चित्रे अधिक सापडतात. मग मी प्रॉम्प्ट वाढविला. छायाचित्र काळे-पांढरे, आजी खुर्चीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, हात मांडीवर, आजोबा कोट-टोपीत, कोणी हसावयाचे नाही, मागे रंगविलेला पडदा, त्याची खालची कड चुरगळलेली, धाकटा मुलगा हलल्यामुळे त्याचा चेहरा पुसट. आता जे आले ते पाहून मी खरोखर थक्क झालो. असे छायाचित्र कोणत्याही वाड्यातल्या ट्रंकेत सापडावे!

यातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला आनंदाचा. ही कला वाटते तितकी यंत्राची नाही. ती वर्णनाची, म्हणजे शेवटी भाषेची कला आहे. ज्याने जुने अल्बम डोळे भरून पाहिले आहेत, ज्याला पदराच्या तऱ्हा ठाऊक आहेत, त्याचे शब्द यंत्राकडून सरस काम करून घेतात. ‘विंटेज’, ‘क्लासिक’ असे गुळगुळीत शब्द टाकणाऱ्याला गुळगुळीत चित्र मिळते. ललित लेखनात जो नियम आहे तोच येथेही लागू पडावा, हे मोठे समाधानाचे आहे.

दुसरा निष्कर्ष मात्र विचार करावयास लावणारा आहे. प्रॉम्प्ट जितका चांगला, तितके चित्र अधिक खरे भासणारे; आणि तरीही त्यातल्या आजी कोणाच्याही आजी नाहीत. जर्मन कलावंत बोरिस एल्डागसेन याने या प्रकारातील बहुधा सर्वांत गाजलेली कृती केली. दोन स्त्रिया, एकीच्या मागे दुसरी. १९४० च्या सुमाराच्या कौटुंबिक छायाचित्राचा थेट आभास. २०२३ मध्ये ‘सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्‌स’च्या खुल्या स्पर्धेत सर्जनशील विभागाचे पारितोषिक या चित्राला जाहीर झाले, आणि हे छायाचित्र नव्हे, असे सांगून त्याने ते नाकारले. स्पर्धा या नव्या प्रकाराला तोंड देण्यास तयार आहेत की नाहीत, हे त्याला पाहावयाचे होते. त्या चित्रमालिकेला त्याने दिलेल्या नावाचा अर्थच ‘खोटी आठवण’ असा आहे. मला ती कृती श्रेष्ठ वाटते ती याच कारणाने. तिच्यात जुन्या काळाचे आर्जव आहे, पण तिच्या कर्त्याने ‘हे घडले होते’ असा दावा केलेला नाही. रेट्रो चित्राचे मोल ठरविताना मी हीच कसोटी लावीन.

कसोटी न लावल्यास काय होते, तेही जगाने पाहिले आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच ‘जेमिनी’ने दुसऱ्या महायुद्धातील जर्मन सैनिकांची चित्रे काढताना त्यांत नाना वंशांचे चेहरे घातले. गदारोळ झाला आणि गूगलला माणसांची चित्रे काढण्याची सोय काही काळ बंद ठेवावी लागली. ती चूक ठसठशीत होती म्हणून पकडली गेली. माझ्या त्या पुणेरी कुटुंबात पकडण्यासारखे काय आहे? उद्या ते एखाद्या लेखाला ‘तत्कालीन छायाचित्र’ म्हणून जोडले गेले, परवा तेच यंत्राच्या अभ्यासात गेले, की आपल्या आजोबांच्या पिढीविषयी यंत्र आपल्याच कल्पनेकडून शिकेल. राजेरजवाड्यांची चित्रे संग्रहालयांत सुरक्षित आहेत. साध्या माणसांचा भूतकाळ मात्र चार-दोन पुसट फोटोंवरच उभा असतो, आणि म्हणूनच तो बुजून जाण्याचे भय अधिक.

म्हणून ही चित्रे काढू नयेत काय? असे मी मुळीच म्हणणार नाही. लेकीने शिफॉनची साडी नेसून आईच्या तारुण्यात डोकावून पाहावे, यात प्रेमच आहे. ज्या घरात पणजीचे एकही छायाचित्र उरले नाही, तेथे कोणी तिच्या वर्णनावरून चित्र करवून घेतले तर मी त्याला हसणार नाही. फक्त त्याने ते वर्णन कोणाकडून ऐकले, हे चित्राबरोबर ठेवावे. पुष्कळदा चित्रापेक्षा ते वर्णनच अधिक मोलाचे निघेल!

जुन्या स्टुडिओतील फोटो उलटून पाहावा. मागे छायाचित्रकाराचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीने तारीख असते, कधी ‘चि. सौ.’ला दिल्याची नोंद असते. त्या फोटोला पत्ता असतो. यंत्राच्या चित्राला सुरकुत्या आहेत, डाग आहेत, पत्ता तेवढा नाही. तो आपण द्यावयास हवा. या दिवाळीत घरातील वडीलधारी मंडळी एकत्र बसली असतील, तेव्हा खऱ्या फोटोंचा डबा काढावा आणि प्रत्येकामागे कोण, कुठे, कोणत्या साली हे हलक्या हाताने पेन्सिलीने लिहून घ्यावे. यंत्राकडून काढविलेली चित्रेही खुशाल त्याच डब्यात ठेवावीत. मात्र त्यांच्यामागे साल आजचे लिहावे, आणि ‘यंत्राकडून’ हा एक शब्द.